निळ्या चिखलाची खाण

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

 

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर त्या एआय-बीआयवर बोल काहीतरी." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोज दहा मेसेज येतात, अकरावा कशाला? मी खाणीवर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "आपल्या?" म्हटलं, नाही, सोन्याचांदीच्या एका जुन्या खाणीवर. पण ऐकता ऐकता आपलीही आठवेल.

आठवायलाच हवी. आपल्यापैकी निम्म्या जणांची घरं मॅंगनीजवर चालली. पांढऱ्या मोज्यांवर बसलेली ती काळी धूळ कुठल्याही साबणानं निघायची नाही, आणि त्यासाठी पीटीच्या तासाला छडी मात्र नेमानं मिळायची. (सर, मी तुमच्याकडे बघत नाहीये.)

माझे बाबा जमिनीखालच्या एका खाणीत टिंबर मिस्त्री होते. दगड काढून झाला की मागे जी पोकळी उरते, तिचं छत खाली बसू नये म्हणून लाकडाचे टेकू उभे करायचे, हे त्यांचं काम. आपण आठवीत होतो तेव्हाची एक दुपार तुम्हालाही आठवत असेल. पाळी बदलायची वेळ नसताना भोंगा वाजला. भूगोलाचा तास चालू होता. बाईंचा खडू फळ्यावर तसाच थांबला. कोणी काही बोललं नाही, पण कोणाकोणाचे वडील त्या पाळीला आहेत हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. बाईंनी आम्हा पाच-सहा जणांना नावं न घेता, नुसत्या मानेनं "जा" म्हणून सांगितलं.

खाली छत बसलं होतं. त्या दिवशी सगळे वर आले. बाबा रात्री घरी आले, हाताला पट्टी होती. आईनं विचारलं, कळलं कसं तुम्हाला? ते म्हणाले, "लाकूड आधी बोलतं." आणि जेवायला बसले.

हे वाक्य मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. ते कळलं एका परक्या डोंगरात. आज सांगायची गोष्ट ती आहे.

मी राहते कॅलिफोर्नियात सॅन होजेला. आमच्या घरापासून जवळच न्यू अल्मादेन नावाची डोंगररांग आहे. आता तिथे बाग आहे, लोक सकाळी फिरायला जातात. पूर्वी तिथे पाऱ्याची खाण होती. तिथल्या लालभडक दगडातून, म्हणजे हिंगुळातून, पारा काढत. त्या लाल मातीचा रंग म्हणून उपयोग तिथले मूळ रहिवासी ओलोनी लोक आधीपासून करत होते. १८४५ मध्ये त्यात पारा आहे हे बाहेरच्यांना कळलं आणि खाण सुरू झाली. तिथल्या तलावाकाठी आजही पाटी आहे, इथले मासे खाऊ नका. मी रोज ती पाटी ओलांडून जायचे. एक दिवस मनात आलं, एवढा पारा काढून न्यायचे कुठे? उत्तर मिळालं: बराचसा डोंगरापलीकडे, नेवाडात, कॉमस्टॉकच्या खाणींवर. मग एका सुट्टीत आम्ही गाडी काढली आणि चारशे किलोमीटरवरच्या व्हर्जिनिया सिटी नावाच्या गावी जाऊन थडकलो.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर, माउंट डेव्हिडसन नावाच्या उघड्याबोडक्या डोंगराच्या पूर्व उतारावर चिकटलेलं आहे. आज तिथे हजारभर माणसंही राहत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी या गावात आणि शेजारच्या गोल्ड हिलमध्ये मिळून पंचवीस हजारांच्या आसपास वस्ती होती. आणि त्या सगळ्यांच्या पायाखाली, अक्षरशः पायाखाली, खाणी होत्या.

सुरुवात झाली ती चिखलापासून. १८५० च्या दशकात त्या डोंगराच्या घळींमध्ये काही लोक वाळू धुऊन सोन्याचे कण वेचत. घळीतून वर वर सरकत ते डोंगराच्या पोटापर्यंत आले. १८५९ च्या जूनमध्ये पॅट्रिक मॅकलॉफलिन आणि पीटर ओरायली या दोघांनी झऱ्याजवळ खड्डा खणला आणि त्यांना चांगलं सोनं लागलं. पण एक कटकट होती. सोन्याबरोबर एक जड, निळसर-काळी माती येई. ती चाळणीच्या खाचांत अडकून बसे. वैतागून ते ती बाजूला फेकून देत. या मातीला ते काय म्हणत असतील, ते सर आणि बाई बसलेले असताना मी सांगू शकत नाही.

शेवटी कोणीतरी त्या मातीचा नमुना सिएरा पर्वत ओलांडून कॅलिफोर्नियात तपासायला नेला. निकाल आला: टनामागे ८७६ डॉलरचं सोनं, आणि त्याच्या तिपटीहून जास्त किमतीची चांदी. म्हणजे सोनं वेचता वेचता ते लोक चांदी फेकत होते! त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच पर्वतापलीकडून माणसांची रीघ लागली.

आता नावांची गंमत बघा. खाणीला नाव मिळालं हेन्री कॉमस्टॉकचं. हा माणूस खड्डा खणणाऱ्यांत नव्हता. तो नंतर तिथे आला आणि ही जागा माझी आहे असा दावा ठोकून भागीदार झाला. चांदी ओळखली तीही त्यानं नाही. दोन वर्षं आधी ग्रॉश नावाचे दोन भाऊ त्या भागात चांदी शोधत होते, आणि ती सापडल्याचं त्यांनी घरच्या पत्रांत कळवलंही होतं. पण १८५७ मध्ये एकाच्या पायात स्वतःचीच कुदळ लागली, ती जखम चिघळून तो गेला. दुसरा त्याच हिवाळ्यात सिएराच्या बर्फात अडकून गेला. कॉमस्टॉकनं आपला वाटा दहा-अकरा हजार डॉलरला विकून टाकला, ते पैसे उडवले आणि १८७० मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. मॅकलॉफलिननं साडेतीन हजारांत वाटा विकला. ओरायलीचा शेवट वेड्यांच्या इस्पितळात झाला. ज्यांनी शोधलं त्यांच्यापैकी कोणालाच खाली काय आहे याची कल्पना नव्हती.

खाली काय होतं? इथे मला आपल्या भूगोलाच्या बाई आठवतात. बाई वर्गात दगड आणायच्या आणि विचारायच्या, "हा इथे आला कसा?" नाव पाठ करण्याआधी हा प्रश्न. तोच प्रश्न इथे विचारू.

आपल्या भंडारा-बालाघाट पट्ट्यातलं मॅंगनीज शंभर कोटी वर्षांहून जुनं. ते पाण्याच्या तळाशी थराथरानं साचलं आणि मग जमिनीच्या पोटातल्या दाबानं आणि उष्णतेनं बदललं. कितीही मोडलं-वाकलं तरी तो मुळात थर आहे, त्याचा माग काढता येतो. कॉमस्टॉकची चांदी त्या मानानं अगदी कालची, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची. ती थरात नाही, भेगेत आहे.

त्या काळी तिथे ज्वालामुखी होते. त्यांच्या अँडेसाइट नावाच्या दगडाचे थर साचले. मग जमीन ताणली गेली आणि डोंगराच्या पायथ्याशी एक मोठी भेग पडली. एका बाजूचा दगड दुसऱ्यावरून घसरला. ही भेग पूर्वेकडे तिरकी उतरत जाते, आणि तिच्या चार-एक किलोमीटर लांबीत बहुतेक सगळ्या मोठ्या खाणी आल्या.

खाली तापलेला लाव्हारस होता. पावसाचं मुरलेलं पाणी खोल जाई, तापे आणि भेगेतून वर येई. येताना त्यात विरघळलेली गारगोटी, सोनं, चांदी असे. खोलवर दाब इतका असतो की शंभर अंशांच्या खूप वर तापलेलं पाणीही उकळत नाही. पण पृष्ठभागाकडे येताना दाब कमी होतो. कुकरची शिट्टी उचलली की आतलं पाणी एकदम खळखळतं ना, तसं ते भेगेत उकळायला लागतं. वाफेबरोबर जे वायू निघून जातात, त्यांच्याच आधारानं सोनं पाण्यात तरून असतं. वायू गेले की सोनं तिथेच बसतं. चांदीही त्याच सुमारास, पाणी निवताना आणि बदलताना बसते, बरीचशी गंधकाशी जोडलेली. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसा हा थर भेगेच्या भिंतींवर बसला, हजारो वर्षं, पुन्हा पुन्हा. निळा चिखल तो हाच: गंधकयुक्त चांदीच्या बारीक काळ्या कणांनी रंगलेली माती.

पण भेग सगळीकडे सारखी रुंद नसते. जिथे ती फाकलेली, जिथे फाटे फुटलेले, तिथे भरपूर माल. बाकी ठिकाणी नुसती गारगोटी. म्हणून कॉमस्टॉकमध्ये चांदी खिरीतल्या बेदाण्यांसारखी होती, कुठे डाव लागेल सांगता येत नसे. असा मोठा साठा लागला की त्याला 'बोनान्झा' म्हणत. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ समुद्रावरची छान शांत हवा. सगळ्यांत मोठा बोनान्झा १८७३ मध्ये जमिनीखाली सुमारे १,२०० फुटांवर लागला. मॅके, फेअर, फ्लड आणि ओब्रायन या चार भागीदारांना तो लाभला आणि त्यातून दहा कोटी डॉलरहून जास्त माल निघाला. सगळ्या कॉमस्टॉकमधून मिळून सुमारे ६,००० टन चांदी आणि २५० टन सोनं निघालं. किमतीत सोन्याचा वाटाही चांदीच्या जवळ जाणारा होता.

आता माझा मुद्दा. गरम पाण्यानं चांदी आणली हे खरं. पण त्या पाण्यानं आणखी एक काम केलं. आजूबाजूचा कठीण दगड त्यानं आतून कुजवला आणि त्याची माती केली. ही माती पाणी लागलं की फुगते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त चांदी, तिथेच सगळ्यात वाईट छत.

१८६० मध्ये ओफिर नावाच्या खाणीत ही अडचण समोर आली. चांदीचा पट्टा खाली जाता जाता पन्नास फुटांहूनही रुंद झाला. माल समोर दिसतोय, पण काढला तर वरचा डोंगर अंगावर येईल. एवढ्या रुंद पोकळीला पुरेल असा टेकू जगातल्या कुठल्याच झाडाचा होत नाही. मालकांनी फिलिप डायडेसहायमर या तरुण जर्मन अभियंत्याला बोलावलं. त्यानं एका लांब टेकूचा विचारच सोडला. जाड चौकोनी तुळयांचा एक चौक करायचा, माणूस आत उभा राहील एवढा. प्रत्येक तुळईच्या टोकाला अशी खाच की वरचा, बाजूचा आणि समोरचा असे सगळे वासे एका सांध्यात घट्ट बसावेत. दगड जेवढा काढला तेवढीच जागा एका चौकानं भरायची. मग त्याला लागून दुसरा, वर तिसरा. मधमाशीच्या पोळ्यासारखं घरावर घर. गरज पडेल तिथे ते चौक फुटक्या दगडानं भरून टाकायचे. कुठल्याही बाजूनं दाब आला तरी तो एका खांबावर न येता सगळ्या जाळीत वाटला जातो. या युक्तीचं त्यानं पेटंट घेतलं नाही. पुढे जगभरच्या खाणींनी ती वापरली.

त्या पोळ्यासाठी ताहो सरोवराच्या काठची पाइनची जंगलं कापली गेली. लाकूड पन्हाळीतून पाण्याच्या जोरावर डोंगर उतरून येई. एक अख्खं जंगल डोंगराच्या पोटात गेलं. जवळचे चिलगोज्याचे पाइन सरपणासाठी तोडले, आणि त्या बियांवर हिवाळा काढणारे तिथले पाइयूट आणि वाशो लोक उघड्यावर पडले. खाणीच्या हिशेबाच्या वहीत हे कुठे लिहिलेलं नाही.

आणि लाकूड जळतंही. ७ एप्रिल १८६९ च्या सकाळी यलो जॅकेट खाणीत ८०० फुटांवर आग लागली. शेजारच्या क्राउन पॉइंट आणि केंटक या खाणी आतून जोडलेल्या होत्या, त्यांतही धूर भरला. किमान ३५ कामगार गेले. वर शाफ्टच्या तोंडाशी बायका-मुलं जमली होती आणि पिंजरा वर येण्याची वाट बघत होती. मी ते वर्णन वाचत होते तेव्हा मला आपल्या वर्गातला तो थांबलेला खडू दिसत होता. छत धरून ठेवणारं लाकूडच त्या दिवशी इंधन झालं.

तरी माणसं आणखी खाली गेली. खाली गेल्यावर ती भेग पुन्हा आपला हिशेब मागायला लागली. मूळ ज्वालामुखी केव्हाच निवले होते, पण त्या भागात जमीन आजही ताणली जाते आहे, आणि भेगांतून पाणी आजही खोल जाऊन तापून वर येतं. व्हर्जिनिया सिटीपासून दहा-बारा किलोमीटरवर स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाचे गरम झरे आहेत. त्यांच्या काठावर साचणाऱ्या थरात आजही सोनं, चांदी, पारा यांचे अंश सापडतात. कॉमस्टॉकमध्ये दोन हजार फुटांखाली हवा भट्टीसारखी. तीन हजार फुटांवर गोल्ड हिलच्या खाणींत पाणी लागलं ते ७७ अंश सेल्सिअसचं. कुदळीच्या एका घावानं भिंतीतून कढत पाण्याचा लोट यायचा. कामगार काही मिनिटं काम करत, मग गार हवेच्या नळाशी येऊन बसत. त्यांच्यासाठी खाली बर्फ पाठवत. मजुरी दिवसाला ४ डॉलर. त्या काळी ती चांगली मानली जायची, आणि ती टिकवण्यासाठी त्यांना संघटना करावी लागली होती.

पाणी काढायला अडॉल्फ सुट्रो नावाच्या माणसानं एक सरळ उपाय सुचवला होता. पाणी पंपानं दीड हजार फूट वर का खेचायचं? डोंगराच्या पायथ्यापासून आडवा बोगदा खणू, पाणी आपोआप वाहून जाईल, हवा खेळेल, आणि आग लागली तर माणसांना दुसरी वाट मिळेल. खाणमालकांनी आणि बँकवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं अडवलं. यलो जॅकेटच्या आगीनंतर कामगारांच्या संघटनेनं स्वतःचे ५०,००० डॉलर त्याला दिले आणि त्याच वर्षी काम सुरू झालं. सुमारे सहा किलोमीटरचा तो बोगदा १८७८ मध्ये खाणीला जाऊन भिडला, साधारण १,६४० फूट खोलीवर. तोपर्यंत मोठा बोनान्झा संपत आला होता आणि खाणी बोगद्याच्याही खाली गेल्या होत्या. योग्य उपाय नऊ-दहा वर्षं उशिरा आला. माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असं दर सहा महिन्यांनी होतं, पण तिथे सर्व्हर बंद पडतो, माणूस मरत नाही. हा फरक मी खाणीतल्या माणसाची मुलगी असल्यामुळे विसरू शकत नाही.

आता पाऱ्याकडे परत येते. दगड कुटून त्याचं पीठ करायचं, लोखंडी कढईत वाफेच्या उष्णतेनं ते पारा, मीठ आणि मोरचूद यांच्याबरोबर घोटायचं. पारा चांदी-सोनं धरतो. मग तापवून पारा उडवायचा आणि पुन्हा गोळा करायचा. सगळा मात्र परत मिळत नाही. कॉमस्टॉकच्या गिरण्यांतून सुमारे साडेसहा हजार टन पारा कार्सन नदीच्या खोऱ्यात गेला. म्हणजे बघा, जवळपास जेवढी चांदी बाहेर काढली तेवढाच पारा आत टाकला. १९९० पासून ते खोरं सरकारच्या सर्वाधिक दूषित जागांच्या यादीत आहे आणि तिथल्याही माशांबद्दल पाट्या आहेत. पारा काढला तिथे पाटी, पारा वापरला तिथेही पाटी. खाण वीस वर्षं जोरात चालली, तिचा पारा अजून चालतोच आहे.

आणि चांदी? ती जगभर गेली. इथे आपला संबंध येतो. १८७० च्या दशकात जर्मनी आणि पाठोपाठ इतर देशांनी चांदीचं नाणं सोडून सोनं धरलं. नेमक्या त्याच वेळी कॉमस्टॉकसारख्या खाणींतून चांदीचा पूर आला. मागणी कमी, माल जास्त. चांदी घसरली. तेव्हा आपला रुपया चांदीचा होता आणि कोणीही चांदी टाकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होतं. चांदीबरोबर रुपयाही घसरला. पूर्वी साधारण दोन शिलिंगांना असणारा रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. इंग्लंडला पौंडांत द्यायच्या रकमेसाठी हिंदुस्थान सरकारला जास्त रुपये लागू लागले, आणि ते शेवटी रयतेच्याच खिशातून यायचे. १८९३ मध्ये सरकारनं टाकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. या सगळ्या उलाढालीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचं पुस्तक तेच. नेवाडातल्या एका भेगेनं आपल्या पणजोबांच्या सारासुद्धा हलवल्या होत्या. एकट्या त्या खाणीनं नव्हे, पण तिचा हात त्यात होता.

शेवटचं सांगते आणि बसते.

व्हर्जिनिया सिटीत एका जुन्या खाणीच्या बोगद्यात पर्यटकांना नेतात. आत गेल्यावर जुने लाकडी चौक उभे दिसतात. तुळया काळ्या पडल्या आहेत, काही दाबानं पिळवटल्या आहेत. वाटाड्यानं क्षणभर दिवा मालवला. सगळे गप्प झाले, आणि त्या अंधारात कुठेतरी लाकूड कुरकुरलं. अगदी हलकं. मी जागच्या जागी गोठले. मग कळलं, बाबा म्हणत होते ते हे. दगड न सांगता येतो. लाकूड आधी कण्हतं, तडकतं, मग मोडतं, आणि त्या मधल्या वेळात ऐकणाऱ्याला माणसं बाहेर काढता येतात. म्हणून अनुभवी मिस्त्री नुसता टेकू लावत नाही, तो पाळीभर त्याचं ऐकत असतो. आपण आठवीत असताना त्या दुपारी कोणीतरी ऐकत होतं, म्हणून आपल्या वर्गातल्या पाच-सहा जणांचे वडील रात्री घरी जेवायला बसले.

त्या सांध्याचा फोटो काढून मी बाबांना पाठवला. वाटलं, चांगलं म्हणतील. ते आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांनी फोटो मोठा करकरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. "खाच बराबर आहे. पण डावीकडची तुळई कोणी नंतर बदलली आहे, पाचर नवी दिसते. त्या माणसाला काम येत होतं." बस. डायडेसहायमरचं नाव पुस्तकात आहे, कॉमस्टॉकचं नाव डोंगराला आहे. ती पाचर मारणाऱ्याला दीडशे वर्षांत बहुधा पहिल्यांदाच कोणी शाबासकी दिली असेल, आणि ती आपल्या गावातून.

म्हणून संयोजकांना एक विनंती. या स्मरणिकेत आपल्या नोकऱ्या, पदव्या, मुलांचे फोटो येतीलच. त्यात दोन पानं रिकामी ठेवा. आपल्यापैकी कोणाचे वडील, कोणाची आई, कोणाचे काका खाणीत कुठल्या कामावर होते, कोण ड्रिल मारायचं, कोण पंप चालवायचं, कोण वर माल निवडायला बसायचं, ती नावं आणि कामं तिथे लिहू. ज्यांना ठाऊक आहे ते आता फार उरले नाहीत. आजच विचारून घ्या.

माझ्या बाबांचं मी लिहून आणलं आहे. ते स्वतःही आले आहेत, शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले आहेत. आल्या आल्या त्यांनी या सभागृहाच्या छताकडे एकदा बघून घेतलं. म्हणाले, "बरं आहे." तेव्हा सगळे निवांत जेवायला थांबा.